प्रदर्शनास जावे, पण परीक्षक होऊन जावे

मार्गशीर्ष सरत आला, कापसाच्या शेवटच्या वेचण्या उरकू लागल्या, तूर खळ्यावर आली आणि गहू-हरभऱ्याचे पाणी मार्गी लागले, म्हणजे आपल्या मुलुखात प्रदर्शनांचे दिवस येतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यास या गोष्टीचे आता अप्रूप राहिलेले नाही. जानेवारी २०२३ च्या आरंभी, जिल्ह्याचे नाव अद्याप औरंगाबाद असताना, सिल्लोड येथे राज्यस्तरीय कृषी महोत्सव भरला होता. शहरातही हिवाळ्यात लहानमोठी प्रदर्शने भरतात, आणि गावोगावचे शेतकरी गाड्या करून ती पाहावयास जातात. आपला संघही दरवर्षी एक गाडी करतो. निम्मे भाडे संघाच्या निधीतून व निम्मे जाणाऱ्यांनी द्यावयाचे, असा परिपाठ गेली काही वर्षे चालत आलेला आहे.

या परिपाठावर गेल्या मासिक सभेत एका वडीलधाऱ्या सभासदांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रदर्शन ही आता जत्रा झाली आहे. तेथे शिकावयाचे थोडे व विकावयाचे फार. शेतकरी रिकाम्या हाताने जातो तो कर्जाची चिठ्ठी खिशात घालून परत येतो. सबब संघाने या कामी एक पैही खर्च करू नये. त्यांच्या बोलण्यावर सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. याचे कारण त्यांचे वय नव्हे, तर ते बोलले ते पुष्कळ अंशी खरे होते, हेच होय. ठराव पुढील सभेवर टाकण्यात आला आहे. तत्पूर्वी या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार व्हावा म्हणून आमचे मत आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम गेल्या खेपेच्या आमच्या दिवसाची हकीकत सांगतो, म्हणजे वादाचा पाया कल्पनेवर न राहता अनुभवावर राहील.

पहाटे धारा काढून, जनावरांस वैरण टाकून आम्ही चाळीस जण गाडीत बसलो. थंडी चांगलीच होती. उपरणी कानाला गुंडाळलेली मंडळी सूर्य वर येईपर्यंत पिकांच्या गप्पा मारीत होती, आणि खरे सांगावयाचे तर दिवसभरातील सर्वांत उपयुक्त चर्चा त्याच दोन तासांत झाली. आले कोणाचे लागले, मक्याला लष्करी अळीने कोठे गाठले, मोसंबीची फळगळ कोणी कशी आवरली, हे सारे गाडीतच निघाले. दहाच्या सुमारास प्रदर्शनाच्या दारी पोहोचलो. आत शिरताच कर्ण्यांचा आवाज, रंगीबेरंगी कमानी, आणि दोहों बाजूंस मांडवांच्या रांगा. प्रत्येक मांडवातून हाती एक कागद येई. तासाभरात प्रत्येकाच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा जमला.

गर्दी कोठे होती हे पाहण्यासारखे होते. सर्वांत मोठी गर्दी ट्रॅक्टरांपाशी. तरुण मंडळी त्यांवर बसून छायाचित्रे काढीत होती. त्या खालोखाल औषध फवारणाऱ्या ड्रोनपाशी. नंतर खाण्याच्या मांडवांपाशी, जेथे बचत गटांच्या बायका चुलीवरची ज्वारीची भाकरी, ठेचा व पिठले देत होत्या. तेथील गर्दीस आमची मुळीच हरकत नाही, कारण त्या दिवशी दिलेल्या पैशाचा पुरा मोबदला आम्हांस निःसंशय तेथेच मिळाला. आणि सर्वांत कमी गर्दी कोठे? तर एका कोपऱ्यात, जेथे तुरीच्या पेंढ्या, हरभऱ्याची झाडे व मातीचे नमुने मांडून संशोधन केंद्राचे दोन तरुण उभे होते. त्यांच्याजवळ कमान नव्हती, कर्णा नव्हता, पिशवी नव्हती.

आम्ही तेथे अर्धा तास उभे राहिलो. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा ‘बीडीएन ७११’ हा पांढऱ्या दाण्याचा तुरीचा वाण सुमारे १५० ते १६० दिवसांत येतो. त्यामुळे परतीचा पाऊस दगा देऊन गेला तरी हलक्या-मध्यम जमिनीत तो उशिराच्या वाणांपेक्षा पदरात अधिक टाकतो, ही गोष्ट त्यांनी झाड हाती देऊन, शेंगा मोजून दाखवून समजाविली. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तेही कधी वेळेवर पडेल याचा भरवसा नाही. अशा मुलुखात पंधरा-वीस दिवस आधी हाती येणारे पीक म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. हे ज्ञान फुकट होते. पण ते घेण्यास त्या अर्ध्या तासात आमच्याशिवाय फार तर पाचसहा माणसे आली.

संध्याकाळी परत फिरलो. आठ दिवसांनी आम्ही गाडीतील मंडळींस सहज विचारले की, प्रदर्शनातून काय शिकून आलात? तिघांनी नेमकी गोष्ट सांगितली. बाकीच्यांनी “छान होते,” “मोठे होते,” “गर्दी फार होती,” असे सांगितले. कागदांचे गठ्ठे बहुतेकांच्या घरी चूल पेटविण्याच्या कामी आले होते. आमचा स्वतःचा गठ्ठाही त्यास अपवाद नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे.

इतकेच असते तर एक दिवस मजेत गेला म्हणून सोडून देता आले असते. परंतु त्यापूर्वीच्या एका खेपेस आमच्याच दोघा सभासदांस जे भोगावे लागले ते सोडून देण्याजोगे नाही. एकाने एका मांडवातून आल्याच्या पिकासाठी वाढीचे औषध घेतले. विकणाराने सांगितले की, याने कंद फुगतो, मूळकूज थांबते, आणि अन्य काहीच करावे लागत नाही. बाटलीवर घटकांचा पत्ता नव्हता. या भरवशावर आमच्या मित्राने कंदकुजीवरील नेहमीचे उपाय, म्हणजे साचलेल्या पाण्यास वाट काढून देणे, सडके कंद उपटून दूर टाकणे, ट्रायकोडर्मा देणे, ही सारी कामे लांबणीवर टाकली. भाद्रपदात पावसाची झड लागली आणि निम्मा वाफा बसला. औषधाने अपाय केला असे आम्ही म्हणत नाही; त्याने उपाय करू दिला नाही, हा अपाय काय थोडा झाला?

दुसऱ्या सभासदाने निंदणीचे यंत्र प्रदर्शनातच पसंत केले, सवलतीची किंमत त्याच दिवसापुरती आहे असे ऐकून त्याच दिवशी इसारा दिला, आणि चार दिवसांत यंत्र घरी आणले. नंतर अनुदानाचा अर्ज करावयास गेला तेव्हा त्यास कळले की, महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावर जी खरेदी होते तीच अनुदानास पात्र ठरते. आधी घेतलेले यंत्र कितीही चांगले असो, त्यास एक रुपयाही मिळत नाही. ‘आजच्या दिवसापुरत्या’ सवलतीत त्याचे जे वाचले त्याच्या कितीतरी पट त्याचे बुडाले. यंत्र वाईट नव्हते. घाई वाईट होती. तरीही सावकाराचे व्याज त्यास दोन हंगाम भरावे लागले.

तेव्हा आमच्या वडीलधाऱ्या सभासदांचे म्हणणे वावगे आहे असे कोण म्हणेल? प्रश्न एवढाच की, या दुखण्यावर प्रदर्शनास जाणेच बंद करणे हा उपाय होय काय? आमच्या मते नव्हे. का नव्हे, हे समजण्यासाठी प्रदर्शन ही संस्था मुळात कशासाठी निघाली ते पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील शेतकी प्रदर्शनांची कुळकथा अशी सांगतात की, १८०७ साली एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थाने पिट्सफील्ड गावच्या चौकात आपली दोन मेरिनो मेंढरे आणून उभी केली. लोकर कशी असावी हे लोकांनी हात लावून पाहावे, एवढाच हेतू. त्यातूनच शेतकऱ्यांच्या मेळ्यांची चाल पडली, आणि १८४१ साली न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूस येथे राज्याचे प्रदर्शन भरले. म्हणजे प्रदर्शनाचे मूळ दोन मेंढरे व पाहणारांचे हात, एवढे साधे आहे. इंग्लंडातील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने याच्या पुढचे पाऊल टाकले. वाफेच्या बळावर, नांगराच्या किंवा कुदळीच्या ऐवजी, कमी खर्चात जमीन उलथणारे यंत्र जो करील त्यास ५०० पौंडांचे बक्षीस तिने लावले. यंत्रे मांडवात मांडून भागत नसे. शेतात चालवून दाखवावी लागत, आणि परीक्षक खर्चाचा हिशेब करीत. काही वर्षे ते बक्षीस कोणासही मिळाले नाही. अखेर १८५८ साली चेस्टर येथे जॉन फाउलर यास ते मिळाले. जोवर यंत्र कसोटीस उतरले नाही तोवर संस्थेने बक्षीस राखून ठेवले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

परदेशचे दाखले कशास हवेत? आपल्याच महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारास सूचना केली होती की, दरवर्षी प्रदर्शने भरवावीत, पिकांच्या व औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत. यातील परीक्षा या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. जोतीरावांच्या मनातील प्रदर्शनात शेतकरी हा गिऱ्हाईक नव्हता. तो परीक्षा देणारा, आणि बक्षीस नेणारा होता. त्याचे पीक व त्याचे कसब हाच प्रदर्शनाचा विषय होता.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि आरंभी त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढे तोच नांगर महाराष्ट्रभर गेला. या गोष्टीचा उपयोग व्यापारी मंडळी असा करतात की, पाहा, शेतकरी नव्या गोष्टीस नेहमीच भितो. आम्ही तिचा अर्थ निराळा लावतो. शेतकरी शंका घेतो, कारण चूक झाली तर त्याचे अख्खे वर्ष जाते. आणि शंका फिटते ती जाहिरातीने नव्हे, तर शेजाऱ्याच्या तासात नांगर चाललेला डोळ्यांनी पाहिल्यावर. नांगर चांगला होता म्हणूनच तो कसोटीस उतरला. उलट, १९०३ च्या त्या शंकेखोर शेतकऱ्याचे नातू आज एका भाषणावर अनोळखी बाटली विकत घेतात, हे पाहिले म्हणजे शंका घेण्याचा वाडवडिलांचा गुण आपण कोठे टाकून आलो, असे मनात येते.

एवढ्यावरून आमचे मत वाचकांच्या ध्यानात आले असेल. प्रदर्शन वाईट नाही. तेथे आपण ज्या नात्याने जातो ते नाते चुकलेले आहे. आपण पाहुणे म्हणून जातो, गिऱ्हाईक म्हणून परत येतो. जावयास हवे परीक्षक म्हणून. मांडव घेणारा भाडे भरतो, माणसे ठेवतो, व तो खर्च भरून निघावा अशी त्याची इच्छा असते. यात पाप काही नाही. बाजारात बैल विकणारा बैलाचे दोष सांगत नाही, म्हणून आपण बाजारात जाणे सोडत नाही. दात पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो, आणि मग रुमालाखाली बोटे धरतो. मग बैलाच्या बाबतीत जे शहाणपण आपणांस उपजत आहे ते बाटलीच्या व यंत्राच्या बाबतीत का सुटावे?

परीक्षकास कसोट्या लागतात. त्या अवघड नाहीत. चार-पाच येथे देतो.

बियाण्याची कसोटी त्याच्या खुणचिठ्ठीत आहे. पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी व सत्यप्रत बियाण्यास फिकट हिरवी चिठ्ठी असते. चिठ्ठीवर गट क्रमांक, उगवणशक्तीचा टक्का, तपासणीचा दिवस व मुदत ही असलीच पाहिजेत. ज्या पिशवीवर ही नाहीत ती पिशवी कितीही चकचकीत असो, हात लावू नये. घरी आणल्यावरही शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी असे प्रमाण आहे. पावती व रिकामी पिशवी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी, कारण बियाणे फसले तर तक्रार ऐकली जाते ती त्यांच्याच आधारे.

औषधांची व खतांची कसोटी कायद्याने लावलेली आहे. कीटकनाशकाच्या विक्रीस १९६८ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि वेष्टणावरील त्रिकोणाचा रंग त्याचे विषारीपण सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. वाढीची औषधे म्हणून जी विकली जातात ती पूर्वी कोणत्याच कायद्याच्या चौकटीत नीट बसत नसत. फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव उत्तेजके म्हणून ती १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात आणली गेली. तेव्हा विकणारास सरळ विचारावे की, बाबा, हे कोणत्या आदेशाखाली, काय म्हणून नोंदलेले आहे? यात घटक कोणते, किती? जो या प्रश्नास उत्तर देण्याऐवजी दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याचे छायाचित्र दाखवितो, त्यास रामराम करून पुढे जावे.

यंत्राची कसोटी तीन प्रश्नांची आहे. हे यंत्र मान्य संस्थेत तपासले गेले आहे काय, आणि तो अहवाल कोठे? आमच्या तालुक्यात याचा दुरुस्तीवाला व सुटे भाग कोठे मिळतील? आणि दोन हंगाम हे यंत्र वापरलेला आमच्या भागातील शेतकरी कोण? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, आपल्यासारख्याच काळ्या चिकण जमिनीत, ओल असताना व वाळल्यावर ते यंत्र कसे चालते हे पाहिल्याखेरीज इसारा देऊ नये. अनुदान घ्यावयाचे असेल तर पूर्वसंमतीचा कागद आधी, इसारा मागून.

शेवटची कसोटी स्वतःची. घरून निघण्यापूर्वी आपल्या शेतातील एक अडचण कागदावर लिहून न्यावी. कोणाची मोसंबी गळते, कोणाचा हरभरा मर रोगाने जातो, कोणाची विहीर फाल्गुनात आटते. दिवसभरात त्या एका प्रश्नाचे उत्तर दोन-तीन ठिकाणी विचारावे, उत्तरे जुळतात का पाहावे. जो एक प्रश्न घेऊन जातो त्यास प्रदर्शन शाळेसारखे वाटते. जो प्रश्नच घेऊन जात नाही त्यास ते जत्रेसारखे वाटते.

आता भरविणारांसही चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. मांडवांच्या संख्येवरून प्रदर्शनाची थोरवी मोजू नये. एक एकर तरी जमीन आधीच्या हंगामात पेरून तयार ठेवावी, म्हणजे वाण उभे दिसतील व ठिबकाचा परिणाम मुळाशी पाहता येईल. यंत्रे ढेकळांत चालवून, लागलेले डिझेल व झालेले काम फलकावर लिहावे. मातीच्या तपासणीची सोय असावी, आणि तपासणीचा अर्थ समजावून सांगणारा माणूस असावा. खरेदीविक्रीचे मांडव व शिकविण्याचे मांडव निराळे असावेत, आणि दुसऱ्यांस कोपरा न देता मध्यभाग द्यावा. विकलेल्या मालाबद्दल तक्रार कोणाकडे करावयाची, त्याचे नाव-ठिकाण दारातच लिहिलेले असावे.

ही स्वप्ने नव्हेत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही उघडउघड जत्रा. तरी तेथे जिल्हा परिषदेमार्फत पशुप्रदर्शन भरते, आणि लाल कंधारी व देवणी जनावरांची पारख होऊन बक्षिसे दिली जातात. जनावराचा बांधा, वळू म्हणून योग्यता, यांची चर्चा ऐकणारास त्या रिंगणाभोवती दोन तासांत जे कळते ते पुस्तकाने कळत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मे या स्थापनादिनी खरिपाचा व १७ सप्टेंबर या मराठवाडा मुक्तिदिनी रब्बीचा मेळावा भरतो, आणि शास्त्रज्ञांस समोरासमोर प्रश्न विचारता येतात. हंगामाच्या तोंडावर मेळावा भरविणे ही कल्पनाच पहा किती शेतकऱ्याच्या सोयीची आहे. ऐकलेले महिन्याभरात पेरता येते.

आणखी एका गोष्टीकडे आम्ही आजवर डोळेझाक केली, ती येथे बोलून दाखवितो. आमच्या गाडीतील चाळीस जणांत बाई एकही नव्हती. निंदणी, वेचणी, बियाणे निवडणे, दुभते सांभाळणे, ही कामे कोणाच्या हातची? निंदणीचे यंत्र आणले, ते कमरेस बोचते की नाही हे कोण सांगणार? आम्ही पुरुष मंडळी प्रदर्शन पाहत होतो तेव्हा घरी संध्याकाळच्या धारा त्यांनीच काढल्या. ज्या सभासदाचे यंत्र अनुदानावाचून आले, त्याच्या पत्नीने ते पाहताच विचारले होते की, आपल्या कापसाच्या दोन ओळींत हे मावेल काय? ते मावत नव्हते. हा प्रश्न प्रदर्शनातच विचारला गेला असता तर इसारा वाचला असता.

येथे आमच्या वडीलधाऱ्या सभासदांचा मुख्य आक्षेप पुन्हा घेतो. ते म्हणतील, “इतक्या कसोट्या लावावयाच्या तर घरीच का बसू नये? बांधावरचा शेजारी व विद्यापीठाचे पत्रक पुरेसे नाही का?” याचे उत्तर असे की, शेजाऱ्यास जे ठाऊक नाही तेही कधीकधी लागते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस पोखरला. २००२ साली आलेल्या बीटी वाणांवर विसंबून आपण सारे, शेजारी व आपण, एकच चूक करीत होतो. २०१२ च्या अवर्षणानंतर पुढच्या उन्हाळ्यात आपल्या व जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा आच्छादन, खोडांस सावली, पाण्याची काटकसर या गोष्टी ज्यांनी अन्यत्र पाहिल्या होत्या त्यांनी काही झाडे जगविली. गावाबाहेर डोळे नेल्याखेरीज गावातील सामायिक चूक दिसत नाही. बाजारात ठक असतात म्हणून बाजार बंद करीत नाहीत. डोळे उघडे ठेवून जातात. घरी बसणाराची फसवणूक टळते हे खरे, पण त्याची वाढही टळते. शिवाय विकणारा आता प्रदर्शनाची वाट पाहत नाही. तो दारी येतो, फोनवर येतो. म्हणून पारख शिकणे हाच खरा बचाव, आणि ती शिकावयास प्रदर्शनासारखी जागा नाही, कारण तेथे दहा विकणारे शेजारी शेजारी उभे असतात व एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यावर घासून पाहता येते.

सबब पुढील सभेत आम्ही पुढीलप्रमाणे उपसूचना मांडणार आहोत. संघाने गाडी करावी. परंतु निम्म्या जागा सभासदांच्या घरच्या स्त्रियांसाठी राखाव्यात, आणि त्या दिवशीच्या धारावैरणीची व्यवस्था मागे राहणाऱ्यांनी आळीपाळीने करावी. जाणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न लिहून न्यावा व त्याचे उत्तर पुढील सभेत पाच मिनिटांत सांगावे. जो सांगणार नाही त्याने गाडीचे पूर्ण भाडे भरावे. प्रदर्शनाच्या दिवशी कोणीही इसारा देऊ नये; पसंत पडलेल्या वस्तूची नोंद आणावी, ती संघाच्या तिघा अनुभवी सभासदांनी पंधरा दिवसांत तपासावी, आणि शक्य असेल तेथे एका सभासदाच्या अर्ध्या एकरावर आधी करून पाहावी. दिवसाचा निम्मा वेळ प्रदर्शनास व निम्मा शहरातील हिमायतबागेच्या फळ संशोधन केंद्रास, पैठण मार्गावरील कृषी विज्ञान केंद्रास, किंवा जालन्याच्या वाटेवरील बदनापूरच्या केंद्रास द्यावा, म्हणजे मांडवात ऐकलेले झाडावर ताडून पाहता येईल.

इसारा न देण्याचा नियम काहींस जाचक वाटेल. सवलत हुकेल, असे ते म्हणतील. त्यांस आमचा एवढाच प्रश्न आहे की, पंधरा दिवसांनी जी वस्तू घ्यावीशी वाटत नाही ती आज घेणे शहाणपणाचे कसे? आणि जी पंधरा दिवसांनीही घ्यावीशी वाटते, ती चाळीस घरांनी मिळून मागितली तर विकणारा सवलत नाकारील काय? एकट्या शेतकऱ्यास जी ‘आजच्या दिवसापुरती’ असते, ती संघास वर्षभर मिळू शकते. संघ कशासाठी काढला, याचे याहून सोपे उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

ज्या वडीलधाऱ्या सभासदांनी हा विषय काढला त्यांचे आम्ही आभार मानतो. त्यांनी बोट ठेवले नसते तर आम्ही यंदाही कागदांचा गठ्ठा घेऊन परत आलो असतो. उपसूचना मान्य झाल्यास तपासणीच्या तिघांत पहिले नाव त्यांचेच असावे, अशी आमची विनंती आहे; कारण ज्यास सहज विश्वास बसत नाही, तोच खरा परीक्षक. सभासदांनी सभेस अगत्य यावे, आणि येताना आपापला एक प्रश्न लिहून आणावा.